डागडुजी कोणासाठी?

कुंडल आणि त्याच्या आसपासच्या गावांत जुना वाडा विकायला काढण्यापूर्वी घरात एक बैठक होते. पुण्या-मुंबईचे भाऊ येतात, बहिणींना सहीपुरते बोलावले जाते, आणि चर्चेचा प्रश्न एकच असतो: विकण्यापूर्वी वाड्यावर पैसा घालावा की नाही, आणि घालायचाच तर तो कशावर? एकाचे म्हणणे असते की दर्शनी भिंतीला रंग द्यावा, सोप्यात फरशी बसवावी, म्हणजे चार पैसे अधिक येतील. दुसऱ्याचे म्हणणे असते की घेणारा जागेसाठीच घेणार, मग मोडक्यावर खर्च कशाला? गावात राहिलेला भाऊ, ज्याने दरवर्षी गळती काढली, तो बहुधा गप्प असतो. बैठक संपते ती 'गिऱ्हाईक आल्यावर पाहू' या शब्दांवर, आणि मधल्या दोन-तीन पावसाळ्यांत निर्णय परस्पर होऊन जातो. वाड्याची एक बाजू खाली बसते, आणि मग विकण्यासारखी जागाच तेवढी उरते.

वरकरणी हा एका कुटुंबाच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. ज्याचे घर त्याने ठरवावे, पक्षाच्या साप्ताहिकाने त्यात काय बोलायचे, असे कोणी विचारील तर ते स्वाभाविक आहे. परंतु कुंडल हे असे गाव आहे की तेथील घरांकडे केवळ खरेदीखतातील चतुःसीमा म्हणून पाहता येत नाही. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार चालले, त्याचे कुंडल हे एक प्रमुख केंद्र होते. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड, म्हणजेच कॅप्टन भाऊ, हे याच गावचे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली गेली, ती याच सेनेच्या तरुणांनी. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते. औंधच्या राजांनी १९३९ साली प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देऊ केली होती, आणि ब्रिटिश मुलूख व संस्थानी मुलूख यांच्या सीमा या भागात एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की एका शिवारातून दुसऱ्या शिवारात गेलेला माणूस दुसऱ्या राज्यात पोचत असे. भूमिगतांना याचा उपयोग झाला. तथापि केवळ हद्दीच्या आडोशाने चळवळ जगत नाही. त्यासाठी मध्यरात्री दार उघडणारे कोणीतरी लागते.

प्रतिसरकारला कचेऱ्या नव्हत्या. त्याच्या बैठका, त्याच्या न्यायदान मंडळांचे निवाडे, त्याचे निरोप आणि त्याची हत्यारे ही सारी लोकांच्या घरांत, गोठ्यांत आणि वस्तीवरच्या छपरांत सामावलेली होती. आणि घर देणाऱ्याने काय पणाला लावले होते हे सांगायला एकच उदाहरण पुरेसे आहे. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र येथील घर आणि जमीन ब्रिटिश सरकारने जप्त केली, त्यांच्या आईला आणि मुलीला उघड्यावर काढले. नेत्याच्या कुटुंबाचे हे झाले, तर भूमिगताला भाकरी आणि अंथरूण देणाऱ्या सामान्य शेतकऱ्याला स्वतःच्या घराबद्दल कोणती शाश्वती होती? त्या चार वर्षांत या परिसरात घर हे राहण्याचे ठिकाण होते तसेच ते एक प्रकारचे तारणही होते.

जी. डी. बापू २०११ साली गेले. नाना पाटलांच्या कन्या आणि स्वतः स्वातंत्र्यसैनिक असलेल्या हौसाताई पाटील २०२१ साली, आणि कॅप्टन भाऊ २०२२ साली गेले. १९४३ साली जो सोळा वर्षांचा होता तो आज हयात असलाच तर शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणजे यापुढे साक्ष द्यायला माणसे नाहीत. कागद आहेत, आणि घरे आहेत. कागदांची थोडीफार व्यवस्था झाली. कासेगावात राहून गेल ऑम्व्हेट यांनी साताऱ्याच्या प्रतिसरकारवर लिहिले, इतरांनी प्रबंध केले. घरांची व्यवस्था कोणीही केलेली नाही. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० सालचा आहे, पण तो फक्त राज्याने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या वास्तूंना लागतो. वारसा-इमारतींची नियमावली मुंबईत १९९५ साली आली आणि पुढे काही शहरांत गेली. खेड्यातील वाडा यांपैकी कशातच बसत नाही. त्याची एकमेव सरकारी नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. तीत घर मातीचे की आरसीसीचे, क्षेत्रफळ किती आणि घरपट्टी किती, एवढेच सापडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. विकण्यापूर्वी कोणती डागडुजी करायची हे ठरवणे म्हणजे, मालकाच्या ध्यानात येवो न येवो, गिऱ्हाईक ठरवणे होय. जुन्या वाड्याला चार प्रकारचे गिऱ्हाईक येते. पहिला जागेचा गिऱ्हाईक, त्याला वाडा म्हणजे राडारोडा उचलण्याचा खर्च. दुसरा जुन्या लाकडाचा व्यापारी, त्याला खांब, तुळया, कोरीव चौकट आणि दिंडी दरवाजा हवा असतो, भिंती नकोत. हे लाकूड पुढे शहरातील बंगल्यांच्या दिवाणखान्यांत आणि किनाऱ्यावरील विश्रामगृहांत जाऊन उभे राहते. तिसरा हौशी शहरी गिऱ्हाईक, त्याला 'जुने' दिसणारे काहीतरी हवे असते. आणि चौथे म्हणजे गावातलेच एखादे कुटुंब किंवा संस्था, ज्यांना त्यात राहायचे किंवा काम करायचे असते. पहिल्या दोघांसाठी डागडुजी करणे व्यर्थ आहे. तिसऱ्यासाठी रंग, फरशी आणि दिव्यांची रोषणाई पुरते. खरी दुरुस्ती परतफेड करते ती फक्त चौथ्याच्या बाबतीत, आणि चौथ्याकडे बहुधा पैसा नसतो. वाडे का पडतात याचे अर्धेअधिक उत्तर या हिशेबात आहे. मालकांना आपल्या पूर्वजांविषयी आस्था नाही, असा आरोप सभांतून पुष्कळदा ऐकू येतो. तो अन्यायाचा आहे.

खरी दुरुस्ती म्हणजे काय, हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण चुकीचा पैसा या तपशिलातच जातो. कृष्णाकाठच्या या भागातील जुने घर म्हणजे काळ्या दगडाचे जोते, खाली दगड आणि वर पांढरीच्या मातीची रुंद भिंत, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, आणि वर कौले किंवा मातीचे माळवद. घर मोजायचे ते खणांत. या घराचा पहिला शत्रू पाणी, आणि दुसरा शत्रू पाण्याच्या वाटेने येणारी वाळवी. म्हणून पहिला रुपया छपरावर, दुसरा वळचणीच्या पाण्याला जोत्यापासून दूर नेणाऱ्या गटारावर, आणि तिसरा भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या टोकांवर खर्च झाला पाहिजे. हे तिन्ही खर्च विकत घेणाऱ्याला दिसत नाहीत. दिसतो तो गिलावा. म्हणून विकण्याच्या घाईत मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चढवला जातो. त्याने भिंत गुळगुळीत होते, पण जोत्यातून वर चढणारी ओल, जी मातीच्या किंवा चुन्याच्या लेपातून बाहेर पडून वाळत असे, ती आत कोंडली जाते. मग भिंत आतून भुसभुशीत होते, खांबाचे बूड कुजते, आणि चार-पाच वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट गळून पडतो. तोपर्यंत खरेदीखत झालेले असते. ही फसवणूक मालक जाणूनबुजून करतो असे नव्हे. गवंड्याला आता तेवढेच येते. चुना भिजवून, घाणीत मळून, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून गिलावा करणारा कारागीर या पंचक्रोशीत शोधावा लागतो.

माळवदाचे दुखणे वेगळे आहे. दर पावसाळ्यापूर्वी वर मातीचा नवा थर द्यायची रीत. जुना थर काढायचा असतो हे पुढच्या पिढीने विसरायचे. पन्नास वर्षांत तुळईवर तिच्या ताकदीच्या दुप्पट ओझे येऊन बसते. येथे जतनाच्या हौशी मंडळींशी स्पष्ट बोलले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी आणि परिसरात सात हजारांहून अधिक माणसे मेली, ती मुख्यतः अशाच घरांखाली: गोटे-मातीची जाड भिंत, आत-बाहेरच्या दोन थरांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर मातीचे ओझे. कुंडलचा प्रदेश काही भूकंपापासून दूर नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का या भागातील जुन्या माणसांनी अनुभवलेला होता. तेव्हा ज्या वाड्याच्या भिंतीला पोट सुटले आहे तो आहे तसा सुंदर दाखवून विकणे हा गुन्हा मानावा. उपाय आहेत. माळवद हलके करावे, भिंतीत आरपार जोडदगड घालावेत, कोपरे बांधावेत, छपराच्या पातळीवर भिंतींना एकत्र धरणारा पट्टा द्यावा. अशा बांधकामासाठी भारतीय मानके १९९३ पासून उपलब्ध आहेत, आणि किल्लारीनंतर मराठवाड्यात त्या धर्तीवर मजबुतीकरणाची कामेही झाली. ते ज्ञान कृष्णाकाठच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोचले नाही, एवढेच.

याउलट काही गोष्टी बदलल्या म्हणून हळहळ करण्याचे कारण नाही. स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी यांत पैसा घालावा, मोकळ्या हाताने घालावा. चुलीच्या धुराने काळी झालेली तुळई पाहुण्यांना मोहक वाटते. ती तुळई काळी होत असताना खाली बसलेल्या बायकांचे डोळे गेले आणि छाती गेली. परड्यात अंधारात जावे लागणे हा काही वारसा नव्हे. माजघराला खिडकी पाडल्याने इतिहास बाहेर पडून जात नाही. वाड्याची जुनी रचना ही बाईला आत आणि खालच्या मानलेल्या जातीला बाहेर ठेवण्याची रचना होती. ती ओळखता यावी इतकी शिल्लक असावी. जगायची वेळ मात्र कोणावर येऊ नये.

येथेच कार्यकर्त्यांचा एक आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. वाडा हे सरंजामशाहीचे चिन्ह, ते पडले तर पडू द्यावे, असे अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांना वाटते. वाड्याच्या सोप्यावर कोण बसत होते आणि अंगणात कोण उभे राहत होते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांचे चुकत नाही, पण ते अर्ध्यावर थांबतात. या भागातील वाड्यांची मालकी गेल्या शंभर वर्षांत सरळ वाटेने चाललेली नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या खुनानंतर, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. अनेक कुटुंबे गावे सोडून गेली आणि त्यांच्या वास्तू पडत्या भावात इतरांच्या झाल्या. त्याच वर्षी कूळकायदा आला, आणि पुढे १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालकी मिळू लागली. जमिनीच्या उत्पन्नावर उभे असलेले वाडे त्याने पोरके झाले. पहिली घटना लाजिरवाणी होती, दुसरी न्याय्य होती, आणि दोन्हींच्या खुणा कधी कधी एकाच वाड्याच्या कागदांत सापडतात. प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना थारा देणारे दार, आणि नंतर शेजाऱ्याला परागंदा होताना पाहणारे दार, हे एकच असू शकते. पाडून टाकलेला वाडा यांपैकी काहीच सांगत नाही. तो सरंजामदाराविरुद्धही साक्ष देत नाही.

दुसरेही एक सत्य मान्य केले पाहिजे. वाडा टिकला तो दगडाचा होता म्हणून. महारवाड्यातील, मांगवाड्यातील, कुंभारवाड्यातील ज्या घरांनी भूमिगतांना लपवले, ती मातीची आणि गवताची घरे केव्हाच गेली. आजही शासनाच्या घरकुल योजनेत मातीच्या भिंतीचे घर म्हणजे 'कच्चे' घर. २०१६ पासून चालू असलेल्या पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळत आले ते नवे पक्के घर बांधण्यासाठी, जुने दुरुस्त करण्यासाठी नव्हे. गरिबाने पक्के घर मागितले तर ते त्याला मिळालेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु इतिहासाची नोंद करायला निघालेल्या कार्यकर्त्याने केवळ उभ्या असलेल्या भिंती मोजल्या, तर स्वातंत्र्याचा लढा पाटलांच्या आणि इनामदारांच्या घरांतच झाला असा चुकीचा निष्कर्ष पुढच्या पिढीच्या हाती पडेल. घर नसले तर जागा नोंदवावी.

सरकारकडे मागणी करून हा प्रश्न सुटेल, अशी आशा बाळगणाऱ्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. पुण्यातील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. देशाच्या सामाजिक इतिहासात याहून मोठी वास्तू क्वचितच असेल. तिच्या मालकी-भाडेकरूंचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर डिसेंबरमध्ये वाडा पाडण्यात आला. स्मारक तेथे होईल, ते नवे असेल; दुरुस्त करण्यासारखे काही शिल्लकच राहिले नव्हते. दुसरे उदाहरण लंडनचे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या ज्या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले, ते विक्रीला निघाल्याचे तेथील आंबेडकरी कार्यकर्त्यांनी वेळीच हेरले, पाठपुरावा केला, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते घेतले. पुढे तेथे संग्रहालय करण्याला स्थानिक नियोजनाची हरकत आली. ती २०२० मध्ये दूर झाली. शासनाने पैसा दिला हे खरेच, पण विक्रीची पाटी प्रथम वाचली ती कार्यकर्त्यांनी. कुंडलमध्ये घर विक्रीला निघाल्याचे सर्वांत आधी कळते ते दलालाला.

कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे काम येथूनच सुरू होते. घरातल्या त्या बैठकीत बहिणींना सहीपुरते बोलावण्याचा प्रघात आधी मोडला पाहिजे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. तरी हक्कसोडपत्र आजही भाऊबीजेच्या ओवाळणीसारखे मागितले जाते. ज्या घरात भूमिगतांसाठी भाकऱ्या थापल्या गेल्या त्या घराच्या भवितव्यावर तेथील लेकींचा शब्द चालू नये, हे विचित्र आहे. शिवाय १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार, पहिल्या वर्गातील वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला तर तो घेण्याचा अग्रहक्क बाकीच्या वारसांना आहे. गावात राहिलेल्या भावाला किंवा सासरी गेलेल्या बहिणीला हे बहुधा कोणी सांगितलेले नसते. व्यापाऱ्याला हिस्सा विकून मग वाटपाचा दावा लावायचा, हा खेळ या अज्ञानावर चालतो.

हिशेबाची बाजूही सांगायला हवी. घरात कायमची सुधारणा करणाऱ्या भांडवली स्वरूपाच्या कामाचा खर्च विक्रीवरील भांडवली नफ्याचा कर काढताना वजा करता येतो, नेहमीच्या डागडुजीचा नव्हे, आणि त्यालाही पावती लागते. गवंडी, सुतार आणि चुनेवाला यांना रोख देऊन मोकळे होणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो. लहान गावांत २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. मोठ्या गावांत नगरभूमापनाचा उतारा पूर्वीपासून असतो. या कागदामुळे घर विकणे सोपे झाले. त्याच कागदाच्या आधारे घर दुरुस्तीसाठी कर्ज मिळणेही सोपे व्हावे. परंतु कर्जाचे मूल्यांकन करणारा जागेची किंमत धरतो आणि दगड-मातीच्या बांधकामाला जवळजवळ शून्य लेखतो, म्हणून चौथ्या प्रकारचे गिऱ्हाईक उभेच राहत नाही. सांगली जिल्हा सहकाराचा जिल्हा. ज्या कुंडलमध्ये जी. डी. बापूंच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे, तेथील पतसंस्थांना जुन्या घराच्या छप्पर-भिंतींच्या मजबुतीसाठी लहान मुदतीचे कर्ज देणे अशक्य नाही. वाडा घेणारे एखादे वाचनालय, दूध संस्था किंवा दोन भावांचे कुटुंब असेल, तर रकमा फार मोठ्याही नसतात.

आणि ग्रामपंचायत? तिने वाडे विकत घ्यावेत, इतकी तिची ऐपत नाही. परंतु नमुना ८ च्या शेजारी आणखी एक वही ठेवायला निधी लागत नाही. कोणत्या घरात किंवा कोणत्या जागेवर, कोणत्या साली काय घडले, कोणी सांगितले, कोणत्या कागदाचा आधार आहे, आणि कोणत्या गोष्टीबद्दल गावात मतभेद आहेत, एवढे त्या वहीत असावे. सांगणाऱ्यांत घरच्या सुना आणि लेकी आधी असाव्यात, कारण पुरुष मंडळींच्या आठवणी पुष्कळ छापून झाल्या आहेत. घर विकायला काढणाऱ्याने त्या नोंदीची नक्कल खरेदीखताला जोडावी, अशी विनंती ग्रामसभा करू शकते. सक्तीचा अधिकार तिला नाही, आणि नसलेला बरा. व्यापारी ती नक्कल फेकून देईल. पण विकत घेणाऱ्यांत एखादा तरी असा निघेल की जो दिंडी दरवाजा काढण्यापूर्वी थांबेल. पलूस तालुक्यातील आणि शेजारच्या तासगाव, खानापूर, वाळवा भागातील कार्यकर्त्यांनी येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी आपापल्या गावातील पाच जागांची नोंद तयार करावी आणि वहीच्या ठरावासह ती सभेपुढे ठेवावी. पावसाळा त्याआधीच सुरू झालेला असेल. तेव्हा ज्या घराची नोंद घेतली त्याच्या माळवदावरची जादा माती आणि वळचणीचे गटार त्याच फेरीत पाहून घ्यावे.